जुनी दुनळी घेताना आधी कागद पाहा, मग नळी, भाव सर्वांत शेवटी



धान निसवला, लोंबी दुधात आली की आपल्या जिल्ह्यात दोन पाहुणे न बोलावता येतात. एक तुडतुडा आणि दुसरा रानडुक्कर. तुडतुड्याचे काय करायचे ते आम्ही कृषी खात्याची माणसे बांधावर येऊन सांगतो. डुकराचा विषय निघाला की मात्र आम्हीही जरा इकडेतिकडे पाहतो. कारण तो विषय अर्धा वनखात्याचा, अर्धा पोलिसांचा आणि उरला तो तुमच्या झोपेचा. रात्र रात्र मचाणीवर बसून डबे वाजवणाऱ्या माणसाला "सामूहिक राखण करा" एवढेच सांगून परत यायला आम्हालाही बरे वाटत नाही.

मागच्या खरिपात आमच्या सर्कलमधला एक शेतकरी पंचायत समितीत आला. साडेतीन एकर धान, जंगलाला लागून बांधी. रात्रीतून डुकरांच्या कळपाने जवळजवळ अर्धा एकर लोळवला होता. खाल्ले त्यापेक्षा तुडवले जास्त. त्याने खिशातला मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक जुनी विलायती दुनळी, कुंद्यावर कोरीव काम, नळ्या चकचकीत, खाली इंग्रजीत लिलावाची बोली. हिशेब केला तर आपल्या रुपयांत वीस-बावीस हजारांच्या आसपास.

"साहेब, एवढ्यात तर चांगली म्हैससुद्धा येत नाही. ही भेटते का आपल्याला?"

दुसऱ्या एका ठिकाणी कोणीतरी स्वतःला फौजी म्हणवून, "बदली झाली, बंदूक विकणे आहे, कुरिअरने पाठवतो, अर्धे पैसे आगाऊ" असेही त्याला कळवून बसला होता. पैसे पाठवायचे तेवढे बाकी होते.

त्या दिवशी त्याला जे सांगितले, आणि नंतर चौकशी करून जे आणखी कळले, ते आज सर्वांसाठी लिहितो. पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनीही वाचावे, कारण गावात बंदुकीचा कागद अडला की लोक आधी तुमच्याच दारात येतात.

मोबाईलवरचा लिलाव आपल्या कामाचा का नाही

ते लिलाव खोटे असतात असे नाही. इंग्लंडात होल्ट्स नावाचे लिलावघर आहे, अमेरिकेत गनब्रोकर नावाचा मोठा ऑनलाइन बाजार आहे. तिथे जुन्या बारा बोअरच्या दुनळ्या खरोखर विकल्या जातात, आणि साध्या बनावटीच्या बंदुका स्वस्तातही जातात. याला कारण आहे. तिकडे अशा बंदुका घरोघरी पडून आहेत, नवी पिढी नव्या बनावटीच्या मागे आहे, शिवाय शिशाचे छर्रे बंद करण्याकडे तिकडच्या सरकारचा कल आहे आणि पोलादी छर्रे जुन्या नाजूक नळ्यांना मानवत नाहीत. पण तिथेही कोणी बंदूक टपालाने थेट घरी पाठवत नाही. अमेरिकेत ऑनलाइन बोली जिंकली तरी बंदूक घेणाऱ्याच्या गावाजवळच्या परवानाधारक दुकानात जाते आणि तिथे कागदपत्र झाल्यावर हातात मिळते. इंग्लंडात सर्टिफिकेट दाखवावे लागते.

आपल्याकडे तर रस्ताच बंद आहे. १९८० च्या दशकात सरकारने सर्वसामान्य माणसाला परदेशातून बंदूक आणण्याची मोकळीक काढून घेतली. तेव्हापासून भारतात जेवढ्या विलायती बंदुका होत्या तेवढ्याच आहेत. वेब्ली स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स ही नावे ज्या बंदुकांवर आहेत त्या आता नवीन येत नाहीत, फक्त हात बदलतात. म्हणून इंग्लंडात जी बंदूक म्हशीच्या भावात दिसते तिच्याच जातीची बंदूक नागपुरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या भावात सांगितली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तिकडचा भाव इकडे सांगून उपयोग नाही.

राहिला तो कुरिअरवाला फौजी. दोनच शक्यता. एक, पैसे गेले आणि बंदूक नाही. दुसरी त्याहून वाईट, की बंदूक खरोखर आली. विनापरवाना बंदूक जवळ सापडली तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे, वर दंड. बेकायदा विकणाऱ्याला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. अर्ध्या एकर धानासाठी एवढे मोल कोणी देऊ नये.

मग सौदा कुठे जमतो?

आपल्याच जिल्ह्यात, आणि बऱ्यापैकी जमतो. भंडारा हा मालगुजारांचा मुलूख. तलाव बांधले त्यांनी, शिकारीही केल्या त्यांनी. १९५१ साली मालगुजारी गेली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गेली, पण बंदुका वाड्यांत राहिल्या. त्या काळी पीकसंरक्षणासाठी परवाने घेतलेल्या साध्या शेतकऱ्यांकडेही भरमार आणि एकनळ्या होत्या. आज त्या परवानाधारकांचे वय सत्तरीपुढे गेले आहे. मुले पुण्या-नागपुरात नोकरीला. त्यांना ना शेत राखायचे, ना परवान्याचे नूतनीकरण करत कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. अशा घरात बंदूक हे ओझे झाले आहे, आणि जिथे वस्तूचे ओझे झालेले असते तिथेच भाव रास्त मिळतो.

दुसरी जागा म्हणजे परवानाधारक शस्त्र विक्रेत्याचे दुकान. परवानाधारक वारला की घरच्यांनी विनाविलंब बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अशा विक्रेत्याकडे जमा करायची असते. विक्रेत्याकडे ठेवणावळ चढत राहते, वारस कंटाळतात. शिवाय २०१९ पर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दुरुस्तीने दोनच ठेवता येऊ लागल्या. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती वर्षभरात जमा करावी लागली. त्यामुळेही काही चांगल्या जुन्या बंदुका दुकानांत येऊन पडल्या. दुकानदाराला सरळ विचारावे, "वारसांनी ठेवलेली काही आहे का?" काचेच्या कपाटातली दाखवतील तिच्यापेक्षा मागच्या खोलीतली पुष्कळदा बरी निघते.

मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. वारसालाच बंदूक ठेवायची असेल तर ती विकण्याची घाई त्याने करू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. इतकेच नव्हे तर वडील हयात असताना त्यांचे वय सत्तर झाले, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांतले जे आधी होईल तेव्हा ते आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावे ती करू शकतात. वडील खाटेवर पडेपर्यंत थांबू नये. भाऊ दोन-तीन असतील तर बाकीच्यांची लेखी संमती वडिलांसमोरच घेऊन ठेवा. तेराव्यानंतर बंदुकीवरून वाद झालेली घरे मी पाहिली आहेत, जमिनीचा वाद बाजूलाच राहिला.

परवाना आधी, बंदूक नंतर

पुष्कळांचा समज उलटा असतो. आधी बंदूक पाहून बयाणा देतात, मग परवान्यामागे लागतात. तसे करू नका. आधी परवाना, त्यावर कोणत्या प्रकारची बंदूक लिहिली आहे ते पाहून मग शोध.

शस्त्र कायदा १९५९ चा, कलम १३ वाचण्यासारखे आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या भरमारचा परवाना द्यावा असे त्यात म्हटले आहे. आणि पुढे असेही आहे की भरमारने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअर वगैरे, पीकसंरक्षणासाठी मंजूर करता येते. ही ओळ आपल्या शेतकऱ्यांना कोणी सांगत नाही. अर्जात नुसते "पीकसंरक्षणासाठी बंदूक हवी" एवढेच लिहून मोकळे होऊ नका. भरमारने का भागत नाही ते लिहा. पावसात दारू ओली होते, एक बार झाल्यावर पुन्हा दारू, डट्टा, छर्रे ठासून टोपी बसवेपर्यंत कळप पुढच्या बांधीत गेलेला असतो, आणि अंधारात घाईने दोनदा दारू भरली गेली तर नळी फुटून हात जातो. हे सगळे खरेच आहे, मग लिहायला लाजायचे कशाला? सोबत सातबारा, मागील नुकसानीचे पंचनामे आणि वनखात्याने दिलेल्या भरपाईचे कागद जोडा. पंचनामे केलेले नसतील तर आजपासून करायला लागा. नुकसान झाल्याबरोबर वनरक्षकाला लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. भरपाईसाठी तर लागतोच, पण हाच कागद उद्या परवान्याला उपयोगी पडतो.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर कचेरीच्या परवाना शाखेकडे जातो. वय एकवीस पूर्ण लागते. पोलिसांची चौकशी होते. बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो आणि घरी ती कुलपात कशी ठेवाल याची हमी लिहून द्यावी लागते. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, आता पाच वर्षे आहे. प्रत्येक परवान्याला देशभराच्या नोंदीतला युनिक क्रमांक असतो. जुनी बंदूक विकणाऱ्याच्या परवान्यावर हा क्रमांक नसेल तर सौद्याचे बोलणे तिथेच थांबवा आणि त्याला आधी परवाना शाखेत पाठवा.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक मेख आहे. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. एका बाजूला नागझिरा, मध्ये २०१३ चे कोका, खाली पवनीकडे उमरेड-कऱ्हांडला. या तिन्हींभोवती दहा-दहा किलोमीटरचा वेढा टाकून पाहा, डुकरांचा त्रास सर्वांत जास्त असलेली बरीच गावे त्याच वेढ्यात येतात. म्हणजे परवाना नाहीच मिळत असे नाही, पण वेळ लागतो. आपले गाव त्यात येते का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या आणि अर्जातच तसे नमूद करा, म्हणजे फाईल सहा महिन्यांनी त्या एका कारणासाठी परत येणार नाही.

कागद पटवणे

आता परवाना हातात आहे आणि एका घरी बंदूक पसंत पडली आहे असे धरू. बंदूक हातात घेण्याआधी विकणाऱ्याचा परवाना घ्या आणि त्यावरचा बंदुकीचा नंबर, बनावट, बोअर एका कागदावर उतरवा. मग बंदुकीवरचा नंबर पाहा. एक-एक आकडा जुळला पाहिजे.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या काकांनी एक जुनी एकनळी घेतली. परवान्यावर नंबराचा एक आकडा चुकीचा चढला होता, कधीकाळी कोणत्या तरी कारकुनाच्या हातून. विकणाऱ्याला माहीत नाही, काकांनी पाहिले नाही. नोंदीच्या वेळी फरक उघडा पडला. बंदूक ठाण्यात आणि काका कचेरीत, असे दोन हंगाम गेले. दुरुस्ती झाली शेवटी, पण तोवर काकांनी त्या शेतात धान सोडून दुसरेच काही घ्यायला सुरुवात केली होती.

नंबर घासलेला, खोडलेला किंवा मुळातच नसेल तर त्या बंदुकीला हातही लावू नका. ओळखखूण नसलेली बंदूक विकणे-घेणे कलम ८ खाली गुन्हा आहे. तसेच नळी कापून आखूड केलेली असेल तर तीही नको. टोकाशी पाहिले की कळते, मूळ नळीचे टोक सफाईदार असते, कापलेल्याचे नाही, आणि दुनळीत दोन नळ्यांच्या मधली पट्टी टोकाशी उघडी पडलेली दिसते. नळी वीस इंचांपेक्षा कमी भरली तर ती बंदूक वेगळ्याच वर्गात जाते.

"आजोबांची भिंतीवरची आहे, शोभेची आहे, तिला परवाना लागत नाही" असेही कोणी सांगेल. कायद्यात सूट आहे ती दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला. चालती बंदूक केवळ जुनी आहे म्हणून सुटत नाही. शोभेच्या वस्तूचे नियम निराळे आहेत, पण ती शोभेची की चालती हे ठरवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. शंका असेल तर परवाना शाखेत विचारावे.

व्यवहार खासगी माणसाकडून असेल तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे असते, घेणाराचे नाव-पत्ता देऊन. कळवल्यापासून ४५ दिवस पुरे झाल्यावरच बंदूक हाती द्यायची. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. पोळ्याला कळवले तर कोजागिरीच्या आसपास ४५ दिवस भरतात. हलका धान तेव्हा कापणीला आलेला असतो. म्हणून ज्याला खरिपासाठी बंदूक हवी त्याने रोवणीच्या आधीच बोलणी करावी. बयाणा दिलात तर पावती घ्या आणि तीत "मंजुरी न मिळाल्यास परत" हे शब्द घाला.

आता नळी पाहा

ज्याला बैलाचे दात पाहून वय सांगता येते त्याला हे शिकायला वेळ लागत नाही. पहिले काम, बंदूक उघडून दोन्ही घरे रिकामी आहेत याची स्वतः खात्री करणे. "रिकामीच आहे" या शब्दावर विश्वास ठेवून माणसे मेली आहेत.

मग नळ्या वेगळ्या करून मागायच्या. दुनळी तीन तुकड्यांत सुटते, पुढचा लाकडी भाग, नळ्या आणि कुंदा. नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहा. आत आरशासारखी गोल वर्तुळे दिसली पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाने पडलेले खड्डे. थोडे असतील तर भाव पाडायला कारण, खोल असतील तर सौदाच नको. एखाद्या जागी सावलीचे कडे दिसले तर तिथे नळी फुगली आहे. बाहेरून अंगठ्याने हळूच फिरवा, फुगवटा किंवा पोचा हाताला लागतो. नळ्यांची जाडी किती उरली हे मात्र डोळ्यांनी कळत नाही. कोणी घासून घासून आतून चकचकीत केलेली असेल तर ती दिसायला सुंदर आणि पापुद्र्यासारखी पातळ असू शकते. त्यासाठी परवानाधारक बंदूक कारागिराकडे मापक असतो. त्याची मजुरी द्या, वाचवू नका.

मग नळ्या खालच्या आकड्याला धरून मोकळ्या लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. मडके घेताना आपण करतो तेच. टण्णकन घंटेसारखा आवाज लांबला तर जोड पक्के. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे आणि आत पाणी जाऊन गंज बसला असणार.

नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर बारीक छाप असतात. हेच खरे वाचायचे, वरचे कोरीव काम नव्हे. विलायती बंदुकीवर बर्मिंगहॅमचा मुकुट आणि खाली एन-पी ही अक्षरे, किंवा लंडनचा तलवार धरलेला हात आणि खाली तीच अक्षरे असली तर ती आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे असे समजावे. तो छाप नसेल तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली. भारतीय बनावटीच्या, मुंगेरच्या किंवा सरकारी कारखान्याच्या बंदुकीवर इशापूरच्या तपासणीची खूण पाहावी.

काही जुन्या नळ्यांवर घोरपडीच्या पाठीसारखी नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून घणाखाली जोडलेल्या या दमास्कस नळ्या. पाहून डोळे निवतात. आणि विकणारा तिलाच "राजेशाही" म्हणून जास्त भाव सांगतो. राखणीसाठी ती घेऊ नका. त्या पट्ट्यांच्या सांध्यांत आत गंज शिरलेला बाहेरून दिसत नाही, आणि आजचे काडतूस तीत घातले तर नळी कुठे उकलेल सांगता येत नाही. ती उकलते ती डाव्या हाताखाली.

शेवटचे माप काडतुसाच्या घराचे. जुन्या विलायती बंदुकांची घरे अडीच इंची असतात, हल्लीचे पुष्कळ काडतूस पावणेतीन इंची. गंमत अशी की लांब काडतूस आखूड घरात सहज बसते, बंदूक बंदही होते. पण उडाल्यावर त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. घर किती हे छापात लिहिलेले असते, दुकानदाराला तेच सांगून काडतूस घ्या. आपल्याकडे वर्षानुवर्षे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची शक्तिमान आणि केएफ स्पेशल ही काडतुसे चालत आली आहेत. आपल्या जवाहरनगरच्या कारखान्यात बंदुका बनतात असा काही लोकांचा समज आहे, तो चुकीचा. तिथे स्फोटके आणि दारू बनते.

बाकी कुंद्याला मुठीजवळ तडा आहे का, पितळी पत्रा मारून तो झाकला आहे का, बंदूक बंद करून हलवली तर खुळखुळते का, चाप जरा धक्क्याने सुटतो का, हे पाहा. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत बहुधा वेगळा खटका नसतो, घोडा चढवला की ती तयार. घरात लेकरे असतील तर हा विचार करा. आणि हे सगळे पाहून झाल्यावर मग भावाचे बोला.

बंदूक आली म्हणून डुक्कर मारता येत नाही

हे वाक्य मोठ्या अक्षरात छापायला मी संपादकांना सांगितले असते. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याचा. डुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी वेगळी, ती वनखात्याची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही जनावरे वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. मिळालेल्या परवानगीतली मुदत आणि अटी पाळायच्या. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता, त्याचे वाटे पडत नाहीत. बारीक छर्ऱ्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर येते. परवानगी मिळाली तरी हात बसलेला माणूसच पुढे घाला.

लग्नात, वरातीत बार काढण्याचेही आता दिवस गेले. त्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

निवडणूक लागली की ज्यांना आदेश येतो त्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची. आपल्या विधानसभेचे मतदान २०१९ साली २१ ऑक्टोबरला होते, २०२४ साली २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा धान शेतात किंवा कडप्यांत. म्हणजे पाच वर्षांतून एकदा ऐन गरजेच्या महिन्यात तुमची बंदूक तुमच्याजवळ नसण्याची शक्यता धरून चाला. जमा केल्याची पावती जपा.

म्हणूनच मी सर्वांना बंदूक घ्या म्हणत नाही. गावात चार शेतांना लागून शेते असलेल्यांनी मिळून सौर झटका कुंपण केले तर खर्च वाटला जातो आणि परवानाही लागत नाही. पण त्या कुंपणात घरची लाईन सोडण्याचा उद्योग कोणीही करू नये. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीडकडे अशाच जिवंत तारेने मेला. वाघ होता म्हणून बातमी झाली. त्याच तारेला रात्री पाणी पाहायला गेलेली माणसेही लागली आहेत.

तो मोबाईलवाला शेतकरी आता काय करतो असे विचाराल. फौजीला त्याने पैसे पाठवले नाहीत. त्याच्याकडे वनखात्याचे तीन वर्षांचे पंचनामे निघाले, त्याच्या बायकोने पेटीत पिशवीत बांधून ठेवलेले. त्यावर अर्ज केला. गाव कोक्याच्या दहा किलोमीटरच्या आत म्हणून वेळ लागला, पण बारा बोअर मंजूर झाली. शेजारच्या तालुक्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे साधी, नक्षी नसलेली दुनळी होती. मी सोबत गेलो होतो. टिचकीला आवाज चांगला आला, उजव्या नळीत थोडे खड्डे होते, त्यावर भाव थोडा उतरला. गृहस्थ म्हणाले, "घेऊन जा बापू, पण तेल देत जा तिला." ४५ दिवस मोजून ती उन्हाळी धानाच्या वेळी घरी आली. अजून तिच्यातून एकही बार निघालेला नाही. वनखात्याकडचा अर्ज दिलेला आहे, पोच त्याच पिशवीत आहे.